काळ्या मसालेदार बिअरमध्ये मसाला जास्त झालाय हे चव घेताना कसं ओळखायचं?

आधी थंडावा सांभाळा. फ्रिजमधून काढल्या काढल्या बिअर ४-५ अंशांवर असते, त्यात दालचिनी-जायफळाचा वास दबून जातो. १० ते १३ अंश हवेत. वैशाखात आपल्याकडे बाटली दहा मिनिटं बाहेर ठेवली तरी पुरते.

स्टीलचा गिलास नको. रंग दिसत नाही. तोंडाशी निमुळता होणारा काचेचा घ्या, त्यात १०० मिली ओता, हलकं फिरवून आधी वास घ्या. पहिल्यांदा भाजलेल्या धान्याचा, कॉफीसारखा वास यावा, मसाला त्याच्या मागून. उलट झालं तर मसाला जास्तच पडलाय.

मग लहान घोट. लवंगेचा वास आला म्हणजे लवंग घातलीच असं नाही, काही यीस्ट आंबताना तोच वास देतात. जीभ बधिर होत असेल तर मात्र लवंग खरी, आणि जास्त. फार उकळलेल्या चहासारखा घसा आवळत असेल तर दालचिनी बिअरमध्ये गरजेपेक्षा जास्त दिवस राहिली किंवा धान्य जास्त करपलं. ओल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे जुनी, उन्हाळ्यात तापलेल्या गोदामातली बाटली. तिथे मसाल्याला दोष देऊ नका.

बिअर चाखण्याआधी सावजी रस्सा नकोच. तिखटानं पेटलेल्या जिभेला बिअरमधला वायूही झोंबतो. दोन घोटांमध्ये साधं पाणी आणि कोरे मुरमुरे.

वर्धा-गडचिरोलीत दारूबंदी आहे, तिथे हे सगळं वाचण्यापुरतंच.