तुरीचं पोतं, मोझांबिक आणि बीएचं दुसरं वर्ष

प्रश्न : ताई नमस्कार, मी अमळनेर तालुक्यातला, बीए सेकंड इयरला आहे, विषय राज्यशास्त्र. बाबा जळगावला डाळ मिलमध्ये कामाला आहेत, रोज रेल्वेनं अपडाऊन करतात. मागच्या वर्षी त्यांनी एक रिकामं पोतं घरी आणलं, त्यावर मोझांबिक छापलेलं होतं, तेव्हापासून मी आफ्रिकेबद्दल जे मिळेल ते वाचतोय. यात करिअर होतं का? घरात विषय काढला की बाबा म्हणतात, "तठे काय ठेयेल शे?" मित्र सगळे पोलीस भरती नाहीतर एमपीएससीच्या मागे. माझं इंग्रजी जेमतेम.

उत्तर : भाऊ, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. ते पोतं जपून ठेव, कारण तुझा अभ्यास तिथूनच सुरू होतो. आफ्रिका म्हणजे काही एक देश नाही, आफ्रिकन युनियन या तिथल्या देशांच्या संघटनेचे सदस्यच ५५ आहेत, त्यामुळे नुसतं "मला आफ्रिका करायचंय" म्हणून कुठंच पोचणार नाहीस, एक देश धर, एक पीक धर, एक भाषा धर. तुझा देश मोझांबिक आणि पीक तूर, ते तर बाबांनीच घरी आणून दिलंय.

आता हे बघ. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत गेली होती, घरी विचार, आईला नक्की आठवत असेल. मग २०१६ मध्ये भारतानं मोझांबिकशी तुरीच्या खरेदीचा करार केला. तिकडं झांबेझिया, नाम्पुला या भागातल्या छोट्या शेतकऱ्यांनी त्या भरवशावर तूर पेरली, आणि इकडं त्याच हंगामात आपल्याकडं विक्रमी पीक आलं, क्विंटलला ५०५० रुपयांचा हमीभाव असून खरेदी केंद्रासमोर ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना संपलेला, लोक रात्र रात्र थांबलेले. ऑगस्ट २०१७ मध्ये दिल्लीनं आयातीवर मर्यादा घातली आणि मोझांबिकमधल्या शेतकऱ्याचा भाव कोसळला. म्हणजे अमळनेरचा शेतकरी आणि नाम्पुलाचा शेतकरी एकाच वर्षी एकाच पिकात रडले, आणि दोघांना एकमेकांचा पत्ताही नाही. या दोघांची गोष्ट एकत्र कोण लिहिणार? तू लिही ना. बाबांना विचार, तिकडची तूर कोणत्या महिन्यात येते, कोणत्या बंदरातून, दाणा कसा असतो, भरडताना तूट किती, हे कुठल्या पुस्तकात मिळत नाही आणि तुझ्या घरात रोज जेवायला बसतं. कॉलेजच्या प्रोजेक्टला हाच विषय घे.

पुढचं शिक्षण. दिल्ली विद्यापीठात आफ्रिका अभ्यासाचा विभाग १९५५ पासून आहे, मुंबई विद्यापीठाचं केंद्र १९७१ पासून, कालिन्याला, आणि जेएनयूमध्येही आहे. दिल्ली आणि जेएनयूत एमएला जायचं तर सीयूईटी पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. कोणत्या वर्षी कोणता कोर्स चालू आहे ते आधी त्यांच्या वेबसाइटवर बघूनच ठरव. प्राध्यापक व्हायचं तर नेट ही पात्रता परीक्षा असते, तिच्यातल्या आंतरराष्ट्रीय आणि प्रादेशिक अभ्यासाच्या पेपरात हा विषय येतो.

भाषेबद्दल मात्र मी जरा आग्रहानं सांगते. मोझांबिकची सरकारी भाषा पोर्तुगीज आहे, सेकंड इयरलाच सुरू कर, रोज अर्धा तास. आणि स्वाहिली पण ऐकत जा, टांझानिया-केनियात चालते, टांझानियातूनही आपल्याकडं तूर येते. तुरीला म्हणतात म्बाझी. हिशेबाला हेसाबू, विम्याला बिमा, दुकानाला डुका, चहाला चाय! अरबी आणि गुजराती व्यापारी शेकडो वर्षं त्या किनाऱ्यावर ये-जा करत होते त्याची ही खूण आहे. मला तर हे शब्द पहिल्यांदा कळले तेव्हा इतका आनंद झाला होता की आठवडाभर घरात सगळ्यांना सांगत फिरले. इंग्रजी जेमतेम आहे म्हणतोस, ते होईल, रोज एक पान लिहून सरांकडून तपासून घे, त्याची लाज वाटू देऊ नकोस.

नोकरी म्हणशील तर कडधान्य आयात करणाऱ्या कंपन्या, आफ्रिकन देशांना कर्ज देणारी मुंबईची एक्झिम बँक, हैदराबादजवळची इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था, जी तूर, ज्वारी, बाजरी, भुईमूग, म्हणजे आपल्याच खान्देशातल्या पिकांवर काम करते आणि केनिया, मालीमध्येही तिची केंद्रं आहेत. परराष्ट्र मंत्रालयाची इंटर्नशिप असते तिकडं लक्ष ठेव, यूएनचं ऑनलाइन स्वयंसेवक काम तर १८ पूर्ण झालं की घरबसल्या करता येतं. पासपोर्ट आत्ताच काढून ठेव. आणि एमपीएससी-यूपीएससी सोडायची गरज नाही, आंतरराष्ट्रीय संबंध यूपीएससीच्या मेन्समध्ये आहेतच, २०२३ ला दिल्लीच्या जी-२० मध्ये आफ्रिकन युनियन सदस्य झाली ते तू नुसतं पाठ न करता समजून लिहिशील.

बाबांना सांग, तिथं काय ठेवलंय ते तेच रोज खांद्यावर उचलतात.

प्रश्न : माझी मुलगी शिरपूरला शेवटच्या वर्षाला आहे. एक एजंट म्हणतो आफ्रिकेत नोकरी लावतो, दीड लाख द्या, व्हिजिट व्हिसावर जाऊ दे, तिकडं गेल्यावर बदलून देतो. देऊ का?

उत्तर : नका देऊ, वहिनी. व्हिजिट व्हिसावर नोकरी करणं बेकायदा असतं, तिकडं पोरगी एकटी अडकली तर एजंट फोनही उचलत नाही. लायसन्स असलेल्या एजंटची नावं सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर असतात, नंबर मागा आणि स्वतः तपासा. लायसन्सवाल्यालाही ३० हजार आणि वर जीएसटी, इतकीच सर्व्हिस फी घेता येते. आणि खरंच कुठं जायचं ठरलं तर बऱ्याच आफ्रिकन देशांना पिवळ्या तापाची लस लागते, निघायच्या निदान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच. एजंट लसीचं एक अक्षर बोलला नसेल तर तेवढ्यावरूनच ओळखा.