एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र करूनही खासगी कंपन्यांशी टक्कर का देता आली नाही? दोन्हीकडचे कर्मचारी भांडत बसले म्हणून का?

तुमच्या या प्रश्नातलं पहिलं वाक्य एकटं आलं असतं तर वाचून पुढे गेलो असतो. दुसरं टोचलं, म्हणून लिहायला बसलो.

मी इंडियन एअरलाइन्सचा, म्हणजे मुख्यतः देशातल्या देशात उडणाऱ्या सरकारी कंपनीचा. १९७९ साली मुंबईत सांताक्रूझला हेल्पर म्हणून लागलो, २०१५ ला टेक्निशियन म्हणून बाहेर पडलो. माझा साडू एअर इंडियाचा, म्हणजे परदेशी जाणाऱ्या सरकारी कंपनीचा, १९८२ चा, ओल्ड एअरपोर्टच्या इंजिन शॉपमधला. एकाच धावपट्टीच्या दोन बाजूंना आम्ही आयुष्य काढलं. तो आमच्या कंपनीला ‘एस.टी.’ म्हणायचा आणि मी त्याला ‘महाराज’. तेव्हा तुमचा प्रश्न आमच्या घरात २००७ पासून रोज जेवणाच्या ताटावर असतो.

भांडलो का? हो, भांडलो. कंपनी त्यामुळे बुडाली का? नाही. यातला पहिला भाग आधी सांगतो, कारण तो मला जास्त माहीत आहे.

सरकारनं विलयाला मंजुरी दिली १ मार्च २००७ ला, आणि २७ ऑगस्टला दोन्ही कंपन्या ‘नॅशनल एव्हिएशन कंपनी ऑफ इंडिया’ नावाच्या तिसऱ्याच कंपनीत विरघळल्या. आम्ही तिला नॅसिल म्हणायचो. गणपती त्या वर्षी १५ सप्टेंबरला. आम्ही दोघंही सहकुटुंब गुहागरजवळ सासुरवाडीला. सासूबाई मोदक वळता वळता कौतुकानं म्हणाल्या, “बरं झालं हो, आता दोन्ही जावई एकाच कंपनीत.” झोपाळ्यावर बसलेल्या अण्णांनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, अगदी सरळ मनानं विचारलं, “मग आता दोघांत ज्येष्ठ कोण?”

साडू म्हणाला, “मीच की. थोरला जावई.”

मी म्हटलं, “घरात. कंपनीत मी १९७९ चा आणि तू १९८२ चा.”

“तारखेला काय चाटायचंय? ग्रेड बघ. मी तुझ्या वर आहे.”

“तुमच्याकडे पायऱ्या बुटक्या, म्हणून वर दिसतोस.”

पुढचं लिहीत नाही, घरात देव बसला होता. एवढंच सांगतो की दुसऱ्या दिवशी सकाळी साडूनं आरतीचं ताट हातात घेतलं नाही. “सेवाज्येष्ठांनी घ्यावं,” म्हणाला. मीही घेतलं नाही. शेवटी शेजारच्या मुलानं ओवाळलं. दोघी बहिणी एकमेकींशी फक्त “मीठ दे” एवढंच बोलत होत्या.

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. दोन शाळा एकत्र करणं, शिक्षकांचं समायोजन, सेवाज्येष्ठता याद्या, हा सगळा संसार त्यांनी केलेला. संध्याकाळी भारनियमनात दिवे गेले तसे ते कंदील आणि दोनशे पानी वही घेऊन बसले. रकाने आखले: नाव, रुजू दिनांक, पद, कामाचं स्वरूप, शेरा. आम्हाला दोघांना समोर बसवून गंभीरपणे माहिती भरली. मग म्हणाले, “ही तात्पुरती यादी. हरकती गौरी जाईपर्यंत लेखी द्याव्यात.”

आम्ही हसलो, पण साडूनं खरंच हरकत दिली. कालनिर्णयच्या ऑगस्टच्या पानामागे, सहीनिशी. मुद्दा त्याचा बिनतोड होता, आज कबूल करतो. तो शॉपमध्ये इंजिन उघडून बसवणारा, मी लाइनवर उभ्या विमानाचे स्नॅग, म्हणजे बारीकसारीक बिघाड, काढणारा. त्याच्याकडे बोइंग आणि जम्बो, आमच्याकडे एअरबस ए-३२०. त्याचं म्हणणं, काम वेगळं तर रांग एक कशी? गौरी गेल्या त्या रात्री अण्णांनी निकाल दिला. जिथे काम एकच तिथे यादी एक, आणि ती रुजू दिनांकाप्रमाणे. जिथे काम वेगळं तिथे दोन याद्या, कुणी कुणाच्या वाटेला जायचं नाही. घरात मात्र थोरला जावई ज्येष्ठ. ताट त्याच्याकडे.

पाच-सहा दिवसांत हे झालं, कंदिलाच्या उजेडात.

तिकडे, दोन्हीकडची मिळून तीस हजारांवर माणसं असलेल्या कंपनीत, याच प्रश्नासाठी निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमली गेली २०११ साली. अहवाल आला जानेवारी २०१२ ला. लग्न २००७ चं आणि कुणी कुठे झोपायचं ते २०१२ ला. मधल्या काळात एकाच कंपनीत दोन पगार, दोन बढतीचे नियम, दोन प्रकारचे भत्ते. इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकाला कमांड, म्हणजे कॅप्टनची खुर्ची, लवकर मिळायची, एअर इंडियाच्या वैमानिकाला उशिरा. त्यांना वाटायचं, एस.टी.वाले आपल्या डोक्यावर बसणार. आमच्यांना वाटायचं, काम तेच आणि पैसे कमी. एप्रिल २०११ च्या अखेरीस आमच्या बाजूचे वैमानिक पगाराच्या बरोबरीसाठी संपावर गेले. मे २०१२ मध्ये त्यांच्या बाजूचे गेले, ५८ दिवस, कारण नव्या ड्रीमलायनर विमानाचं ट्रेनिंग आमच्यांनाही द्यायचं ठरलं. अण्णांच्या वहीतला ‘कामाचं स्वरूप’ हा रकाना कुणी आधी भरला असता तर या दोन्ही संपांतली निम्मी हवा तिथेच गेली असती. भांडण कर्मचाऱ्यांनी केलं हे खरं, पण भांडणाचं कारण साडेचार वर्षं तसंच उघडं ठेवलं होतं, ते आम्ही नव्हे.

आता बुडण्याबद्दल. सोपं आहे. दोन्ही कंपन्यांनी विलयाच्या आधीच १११ विमानं मागवली होती. ६८ बोइंग एअर इंडियानं, ४३ एअरबस आम्ही. जवळपास सगळी कर्जावर. सरकारी हिशेब तपासणाऱ्या ‘कॅग’च्या २०११ च्या अहवालात यावर आणि विलयाच्या चुकलेल्या मुहूर्तावर पुरेसं लिहिलंय, ते वाचा. नवरा कर्जात, नवरी कर्जात, आणि लग्न लावून दिलं की दोघांचं कर्ज फिटेल असं वऱ्हाडाला वाटत होतं. त्यात जुलै २००८ मध्ये कच्चं तेल बॅरलला १४७ डॉलरला टेकलं आणि पाठोपाठ जगभर मंदी. विमानवाहतूक मंत्री तेव्हा प्रफुल्ल पटेल, आपल्या गोंदियाचे. त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी इतकं बोललं गेलंय की मी भर घालत नाही. साडू घालतो.

विलयामागचा विचार मात्र मूर्खपणाचा नव्हता. हैदराबादच्या किंवा कोचीच्या माणसाला न्यूयॉर्कला जायचं तर तो आमच्या विमानानं मुंबईत सांताक्रूझच्या देशी टर्मिनलला यायचा, सामान गोळा करायचा, बसनं सहारच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलला जायचा, तिथे एअर इंडियाच्या रांगेत पुन्हा उभा राहायचा. एमिरेट्सनं त्याच माणसाला कोचीहून उचलला, दुबईला एका छपराखाली विमान बदलून दिलं आणि पुढे धाडला. भारत-दुबई उड्डाणांसाठी मंजूर जागा वाढत वाढत आठवड्याला ५० हजारांवर गेल्या. तेव्हा देशांतर्गत जाळं आणि परदेशी जाळं एकमेकांना जोडायलाच हवं होतं. पण त्यासाठी काय लागतं? एक तिकीट, जुळणारं वेळापत्रक आणि सामान एकदाच स्वीकारणं. त्यासाठी दोन कंपन्या मोडायची गरज काय होती? उड्डाणाच्या नंबराआधी येणारा आमचा ‘आयसी’ हा कोड जाऊन सगळीकडे ‘एआय’ झाला फेब्रुवारी २०११ मध्ये. लेटरहेड बदलल्यावर साडेतीन वर्षांनी. शेपटीवरचा हंस आणि त्याच्या पोटातलं कोणार्कचं चक्र मात्र २००७ लाच रंगवून तयार होतं.

आणि न मोडताही जमतं, हे आम्ही करून दाखवलेलं होतं. १९९० साली इराकनं कुवेत घेतलं तेव्हा अम्मानहून मुंबईला १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर, ५९ दिवसांत ४८८ उड्डाणं झाली. एक लाख ११ हजारांवर माणसं आणली. काम एअर इंडियाचं, सोबत इंडियन एअरलाइन्स. त्या दोन महिन्यांत साडू घरी फक्त आंघोळीला यायचा, त्याच्या मुलांना शाळेत मी सोडायचो. तेव्हा कुणी कुणाला विचारलं नाही की तू कुठल्या ग्रेडचा. कंपन्या वेगळ्या होत्या, वेळापत्रक एक होतं.

‘खासगीशी टक्कर द्यायला मोठं व्हावं लागतं’ हे तुमचं गृहीतच मला पटत नाही. २००७ हे विमान कंपन्यांच्या लग्नसराईचं वर्ष. एप्रिलमध्ये जेटनं सहारा घेतली, १,४५० कोटींना. किंगफिशरनं डेक्कनमध्ये हिस्सा घेतला. आणि आमचं सरकारी लग्न. किंगफिशर २०१२ ला बंद, जेट २०१९ ला बंद, आमचं काय झालं ते तुम्ही विचारताच आहात. त्या वर्षी अविवाहित राहिली ती इंडिगो. तिनं २००५ ला एकाच जातीची शंभर विमानं मागवली आणि ऑगस्ट २००६ ला उडायला सुरुवात केली. एक विमान, एक ट्रेनिंग, एक सुट्या भागांचं कपाट. आणि विमान कुठलं? ए-३२०! जिच्यावर आम्ही १९८९ पासून हात काळे केले तीच जात. हे लिहिताना अजून पोटात दुखतं. ए-३२० वर ‘विमान उडायला ठीक’ अशी सही करणाऱ्या इंजिनिअरला बोइंग ७७७ वर सही करता येत नाही, त्याचा वेगळा परवाना लागतो. मग आमच्या दोन हँगरांची बेरीज करून नेमकं काय वाचणार होतं, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

आता थोडं आमच्या बाजूचंही, नाहीतर साडू खाली येऊन लिहीलच. आमच्यात कामचुकार होते. ओव्हरटाइम लागावा म्हणून काम लांबवणारे होते. आणि १९९३ ला वायुदूत ही छोटी डॉर्निअर विमानं उडवणारी सरकारी कंपनी बंद करून तिची माणसं इंडियन एअरलाइन्समध्ये आणली, तेव्हा आम्ही त्यांना महिनोन्महिने ‘डॉर्निअरवाले’ म्हणून कँटीनमध्ये वेगळ्या टेबलावर बसवलंय. मीही त्यात होतो. पुढे आम्हाला ‘एस.टी.वाले’ म्हटल्यावर जो राग आला, त्याचा हिशेब तिथला आहे. शिवाय मी सगळं हँगरच्या फरशीवरून पाहिलेलं आहे, दिल्लीतल्या टेबलावरून नाही. खुद्द इंडियन एअरलाइन्स १९५३ साली आठ खासगी कंपन्या एकत्र करूनच जन्माला आली होती आणि पुढे ती चालली, तेव्हा विलय म्हणजे मरण असं मी म्हणत नाही. पण १९५३ ला आकाशात दुसरं कुणी नव्हतं. १९९४ ला खासगी कंपन्यांना कायद्यानं दार उघडलं, त्याच सुमारास आमचा विलय केला असता तर कदाचित वेळ मिळाला असता.

२०१२ ला सरकारनं सुमारे ३० हजार कोटी टप्प्याटप्प्यानं घालायचं ठरवलं. तरी २०२१ ला टाटांनी १८ हजार कोटींची बोली लावली तेव्हा कर्ज ६१ हजार कोटींच्या वर होतं. टाटांनीही पुढे काय केलं? विलयच. विस्तारा नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात मिसळली. त्याच्या आधी, एप्रिलमध्ये, विस्ताराच्या वैमानिकांची नव्या पगाररचनेवरून नाराजी आणि धडाधड उड्डाणं रद्द. बातमी वाचून मी साडूला फोन केला. तो म्हणाला, “बघ, खासगीतही तेच.” मी म्हटलं, “म्हणजे दोष आपला नव्हता.” तो म्हणाला, “तुमचा होता.”

तुम्ही कुठे दोन कार्यालयं, दोन बँक शाखा, दोन शाळा एकत्र करणार असाल म्हणून विचारत असाल, तर पाटी रंगवायच्या आधी यादी लावा, हरकती लेखी घ्या आणि निकाल देणारा माणूस असा निवडा जो दोघांच्याही हातचं जेवलेला आहे. आणि रुजू दिनांक हाच निकष धरा. ग्रेड नको. ग्रेड प्रत्येक घरात वेगळ्या मापानं मोजतात.

साडू हे वाचणार आहे, म्हणून त्याच्यासाठी: अण्णांच्या पश्चात वही माझ्याकडे आली. पान ७. अनुक्रमांक १, रुजू दिनांक १९७९. अनुक्रमांक २, रुजू दिनांक १९८२. तुझी हरकत टाचणीनं जोडलेली आहे. शेऱ्याच्या रकान्यात अण्णांच्या अक्षरात लिहिलंय, ‘ताट थोरल्याकडे’. तेवढं घे.