पाचवा नंबर येऊनही राष्ट्राध्यक्ष? न्यू हॅम्पशरच्या प्रायमरीबद्दल

तुमचे प्रश्न दोन. 2020 ला बायडन अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्याच्या प्रायमरीत (पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठीच्या मतदानात) पाचवे आले, तरी पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. मग त्या निकालाचा एवढा गाजावाजा कशाला? आणि तिथल्याच नॅशुआला राहणारी तुमची बहीण कुठल्याच पक्षात नाही, तिला मत देता येईल का?

आकड्यांत बघाल तर ते राज्य चिल्लर आहे. 2020 ला डेमोक्रॅट्सचे, उमेदवार ठरवणारे जवळपास 4 हजार प्रतिनिधी निवडायचे होते, त्यात न्यू हॅम्पशरचे 24. सँडर्स पहिले, बुटिजेज दुसरे, दोघांना सारखेच 9. पंधरा टक्क्यांच्या खाली राहिलं की प्रतिनिधी मिळत नाहीत, म्हणून बायडनना भोपळा. ते तर त्याच संध्याकाळी साउथ कॅरोलायनाला निघून गेले, आणि तिथल्या कृष्णवर्णीय मतदारांनी त्यांना तारलं.

न्यू हॅम्पशरमध्ये कोण जिंकलं यापेक्षा कोणाकडून किती अपेक्षा होती, हे जास्त बघतात. 1968 ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन मतपत्रिकेवर नाव नसताना, लोकांनी हाताने नाव लिहिल्यामुळे 49 टक्के घेऊन जिंकले. पण व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात उभ्या राहिलेल्या मॅकार्थींनी 42 टक्के खेचले, आणि महिना संपायच्या आत जॉन्सननी माघार घेतली. 1992 ला साँगस जिंकले, पण ते पडले शेजारच्या मॅसॅच्युसेट्सचे, कौतुक कोण करणार? लफड्यांच्या बातम्यांनी घेरलेले क्लिंटन दुसरे आले, स्वतःला ‘कमबॅक किड’ म्हणवून मोकळे झाले, आणि माध्यमांनी तेच उचललं.

पहिल्या प्रायमरीचा मान न्यू हॅम्पशर दुसऱ्या कुणाला देत नाही. राज्याचा कायदाच आहे, आपली प्रायमरी इतरांच्या किमान 7 दिवस आधी. 2024 ला डेमोक्रॅटिक पक्षाने साउथ कॅरोलायनाला पुढे काढलं, तरी यांनी 23 जानेवारीला मतदान उरकलंच. बायडन उतरलेच नव्हते. लोकांनी त्यांचं नाव हाताने लिहून त्यांना जिंकवलं. आपल्याकडे तिकिटं दिल्लीत ठरतात, त्यामुळे हायकमांडला न जुमानणारं एवढंसं राज्य बघायला मजा येते. तरी बहुतांश गोऱ्या वस्तीच्या राज्याने सगळ्या देशासाठी पहिली चाळण लावावी, हे काही मला पटत नाही.

बहीण अमेरिकन नागरिक असेल (ग्रीन कार्ड चालत नाही) आणि मतदार यादीत ‘अनडिक्लेअर्ड’ (कुठल्याच पक्षात नाव नसलेली) असेल, तर खुशाल जाऊ दे. केंद्रावर दोन्हीपैकी एका पक्षाची मतपत्रिका मागायची. ती घेतली की त्या पक्षात नाव लागतं, पण मत टाकून निघताना तिथेच फॉर्मवर सही केली की पुन्हा अनडिक्लेअर्ड. ती सही मात्र विसरू नका म्हणावं. पक्षात नाव राहिलं, तर पुढच्या वेळी ऐन मतदानाच्या दिवशी दुसऱ्या पक्षाची मतपत्रिका मागता येत नाही.