बायोप्सीच्या अहवालाआधी इसारपावती नको

नमस्कार. तुम्ही कळवले आहे की ७१ वर्षांच्या वडिलांच्या फुप्फुसात सीटी स्कॅनमध्ये १.८ सेंटिमीटरची गाठ दिसली, पुण्यातील एका रुग्णालयाने रोबोटिक शस्त्रक्रियेसाठी साडेसहा लाखांचा अंदाज दिला आणि जिंतूरजवळची दोन एकर कोरडवाहू जमीन घ्यायला गिऱ्हाईक इसार घेऊन दारात उभे आहे. बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, अहवाल हाती येईपर्यंत इसारपावती करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गाठ कर्करोगाचीच असेल असे नाही; आपल्याकडे जुन्या क्षयाचे व्रणही स्कॅनमध्ये गाठीसारखे दिसू शकतात. गाठ कडेला असेल तर सीटीच्या आधाराने बाहेरून सुई घालून, आणि श्वासनलिकेजवळ असेल तर दुर्बिणीतून तुकडा घेतात. सुईमुळे कधी फुप्फुसाभोवती हवा साठून मुक्काम वाढतो, म्हणून थोडी रक्कम जास्त ठेवा. हा खर्च मुदत ठेवीतून करावा, कारण ठेव मोडल्याने बुडणारे व्याज घाईने विकलेल्या जमिनीच्या तोट्यापुढे किरकोळ आहे.

कर्करोग निघाला आणि तो पहिल्या टप्प्यातला असला, तर छातीला छोटी छिद्रे पाडून केलेल्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत बरगड्या फाकवाव्या लागत नाहीत, वेदना कमी होतात आणि रुग्ण लवकर घरी येतो. सर्जन यंत्राचे हात चालवून करतात त्या रोबोटिक पद्धतीतही हे फायदे आहेत, परंतु दुर्बिणीपेक्षा तिने आयुष्य वाढते असे सिद्ध झालेले नाही. केवळ यंत्रासाठी शेत विकणे मला पटत नाही. २ सेंटिमीटरपर्यंतच्या निवडक गाठींत फुप्फुसाचा पूर्ण खंड न काढता छोटा भाग काढला तरी पुरते, असे २०२२ आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत दिसले आहे, तेव्हा तेही सर्जनना विचारावे.

सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण २०२४ पासून मिळते. वडिलांचे कार्ड आधी काढा आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा परळच्या टाटा रुग्णालयात सुचवलेली शस्त्रक्रिया योजनेत बसते का, ते विचारा. वाळूजच्या तुमच्या कंपनीच्या तीन लाखांच्या गटविम्यात रोबोटिकसाठी वेगळी मर्यादा आणि खोलीभाड्याची अट असू शकते; ती लेखी मागवा. आता आजार लपवून नवी पॉलिसी घेतल्यास दावा फेटाळला जाईल. जुन्या करप्रणालीत असाल तर ज्येष्ठांच्या कर्करोगासारख्या ठरावीक आजारांच्या उपचारखर्चावर १ लाखापर्यंत आयकरात वजावट मिळते, पण विम्यातून मिळालेली रक्कम त्या वजावटीतून कमी होते.

एवढ्यावरही कमी पडले तर सोनेतारण कर्ज घ्या. गिऱ्हाइकाला महिनाभर थांबायला सांगा. ते थांबले नाही तरी चालेल, बायोप्सीची तारीख मात्र याच आठवड्यात घ्या.