मोठ्या वयाचे दत्तक मूल परदेशातील घरी येते तेव्हा

भारतातून सहा, आठ किंवा दहा वर्षांचे मूल दत्तक घेणाऱ्या परदेशस्थ कुटुंबांची बरीचशी शक्ती कागदपत्रांत खर्ची पडलेली असते. ‘कारा’ या भारताच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडील नोंदणी, राहत्या देशातील अधिकृत संस्थेने पालकांची व घराची पाहणी करून दिलेला गृह-अहवाल, ना-हरकत प्रमाणपत्र, दत्तक आदेश, मुलाचा पासपोर्ट आणि व्हिसा यांतून पार पडताना, मूल घरी आल्यावर पहिले सहा महिने कसे घालवायचे याचा विचार तितक्या बारकाईने झालेला नसतो. त्या महिन्यांबद्दल माझा आग्रह असा आहे की घराचा परीघ लहान ठेवावा आणि मुलाने सोबत आणलेली भाषा जपावी.

पाच वर्षांवरील मुलाला दत्तक देताना त्याची संमती घेतली जाते. परंतु न्यू जर्सी किंवा लंडनच्या उपनगरातील घर कसे असते, हे त्या मुलाला संमती देताना कळणे शक्य नसते. भारतात मूल ज्या बालसंगोपन संस्थेत राहत होते, तेथे त्याच्याभोवती सतत माणसे होती, रात्री शेजारी इतर मुले झोपत होती, उठण्या-जेवण्याच्या वेळा ठरलेल्या होत्या आणि सांभाळणाऱ्या मावशींचा आवाज ओळखीचा होता. येथे त्याला स्वतंत्र खोली मिळते, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नसते आणि दाराआड पूर्ण शांतता असते. कौतुकाने सजवलेल्या त्या खोलीत झोपायला मूल घाबरले, तर त्यात हट्ट किंवा कृतघ्नपणा शोधू नये. त्याचे अंथरूण आपल्या खोलीत घालावे आणि ते किती दिवस तेथे राहील याची मुदत ठरवू नये.

परीघ लहान ठेवणे मराठी घरांना सर्वांत कठीण जाते, कारण आपल्याकडे आनंद चार माणसांत साजरा होतो. महाराष्ट्र मंडळातील मित्रमंडळींना मूल पाहायचे असते, कोणी भेटवस्तू घेऊन येतो, कोणी त्याला मांडीवर घेतो. संस्थेत वाढलेले मूल अनेकदा कोणाकडेही सहज जाते, अनोळखी पाहुण्याच्या गळ्यात पडते, आणि ‘किती लवकर रुळला’ असे सगळे म्हणतात. प्रत्यक्षात आई-बाबा ही माणसे इतरांपेक्षा वेगळी आहेत, हे त्याने अजून शिकायचे असते. म्हणून पहिले काही महिने त्याला जेवायला वाढणे, न्हाऊ घालणे, लागल्या-खुपल्याला जवळ घेणे आणि झोपवणे ही कामे केवळ आई-वडिलांनी करावीत. गणपतीचा मोठा कार्यक्रम या वर्षी चुकला तरी चालेल, घरी आरती करावी. अमेरिकेत पात्र नोकरदाराला कायद्याने दत्तकासाठी १२ आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते आणि ब्रिटनमध्ये नोकरदाराला एकूण ५२ आठवड्यांपर्यंत दत्तक-रजा घेता येते. परवडेल तेवढी रजा अवश्य घ्यावी आणि ती पाहुणचारात घालवू नये.

आजी-आजोबांचा प्रश्न नाजूक आहे. नातवंड येणार म्हणून ते तिकीट काढून बसलेले असतात. शक्य असल्यास त्यांना काही महिन्यांनी यावे अशी विनंती करावी. आधीच आले असतील, तर स्वयंपाकघर आणि घरकाम त्यांनी सांभाळावे व मुलाचा घास आईच्या किंवा बाबांच्या हातून जावा, हे त्यांना कारणासह समजावून सांगावे. कारण कळले की बहुतेक आज्या मनापासून साथ देतात.

जेवणाबद्दल एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. काही मुले उशीखाली पोळी किंवा बिस्किटे लपवून ठेवतात, काही पोट भरल्यावरही खातच राहतात. त्याला चोरी म्हणू नये आणि कपाटाला कुलूप तर मुळीच लावू नये. केळी, शेंगदाण्याची चिक्की, कुरमुरे असा खाऊ मुलाच्या हाताला लागेल असा ठेवावा आणि तो विचारल्याशिवाय घेता येईल, हे त्याला स्पष्ट सांगावे. अन्न संपत नाही याची खात्री शब्दांनी पटत नाही, तिला महिने लागतात.

आता भाषेविषयी. परदेशी पालकांकडे गेलेल्या मुलाची पहिली भाषा काही महिन्यांतच विरू लागते, आणि नवी भाषा पुरेशी यायच्या आधीच तसे झाले तर मुलाला आपला राग, भीती, आठवण सांगायला काहीच साधन उरत नाही. महाराष्ट्रातील संस्थेतून आलेल्या मुलाच्या बाबतीत मराठी घर हे नुकसान टाळू शकते, आणि ही संधी मला अतिशय मोलाची वाटते. तरीही ‘शाळेत मागे पडेल’ या काळजीने अनेक घरे पहिल्याच दिवसापासून त्याच्याशी इंग्रजीत बोलू लागतात. शाळा इंग्रजी शिकवेलच. घरात मराठी बोलावे. मूल ‘मी जेवून राहिलो’ असे वऱ्हाडी वळणाने बोलत असेल, तर ते सुधारू नये आणि पाहुण्यांसमोर त्याच्याकडून गमतीने वदवून तर अजिबात घेऊ नये, कारण पूर्वीच्या आयुष्यातून त्याने अखंड आणलेली हीच एक गोष्ट असू शकते. मूल हिंदी किंवा गोंडी बोलणारे असेल, तर त्या भाषेतील रोजची वाक्ये पालकांनी शिकावीत. त्याचे नावही बदलू नये; आठ वर्षांच्या मुलाला ते स्वतःचे म्हणून ओळखीचे असते.

पहिले काही आठवडे सारे गोड चालते आणि मग एके दिवशी मूल वस्तू फेकते, मारते, ‘मला परत जायचं आहे’ म्हणून रडते. या वेळी त्याला खोलीत एकटे बसवण्याची शिक्षा देऊ नये, कारण सोडून दिले जाण्याची भीती त्यातून खरी ठरते. जवळ बसावे, कमी बोलावे. मावशींची आठवण काढण्याची मोकळीक द्यावी आणि संस्थेची हरकत नसेल तर त्यांच्याशी व्हिडिओ कॉल करून द्यावा. दोन भावंडे एकत्र आली असतील, तर थोरली बहुधा धाकट्याची आई होऊन आलेली असते. ती जबाबदारी एका झटक्यात काढून घेऊ नये, तिच्यासोबत करू लागावे.

मंडळात कोणीतरी ‘हिचे खरे आई-वडील कोण?’ असे मुलासमोर विचारेलच. ‘आई-बाबा आम्हीच, बाकीची हकिकत तिची आहे, तिला वाटेल तेव्हा ती सांगेल,’ एवढे उत्तर नवरा-बायकोने आधी ठरवून ठेवावे आणि सख्ख्या नातेवाइकांनाही तेच द्यावे.

मूल आल्यावर दोन वर्षे पाठपुरावा अहवाल भारतात जातात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. त्यांसाठी घरी येणाऱ्या समाजकार्यकर्त्याची भेट आपल्या घरांत परीक्षेसारखी घेतली जाते. घर आवरले जाते आणि ‘सगळे छान आहे’ असे सांगितले जाते. झोप लागत नसेल, मूल आईला जवळ येऊ देत नसेल, किंवा आईलाच उदास वाटून मुलाबद्दल माया दाटून येत नसेल, तर ते समाजकार्यकर्त्याला त्याच भेटीत सांगावे आणि दत्तक मुलांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकाचे नाव मागून घ्यावे.