क्वेर्सेटिनची कॅप्सूल कुणी घेऊ नये?

प्रश्न : वडिलांची हृदयाची झडप बदलली आहे, वॉरफरीन चालू आहे. अमेरिकेतल्या भावाने क्वेर्सेटिनच्या ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल पाठवल्यात. कांद्या-सफरचंदातलाच फ्लॅव्होनॉइड (वनस्पतींत आढळणारं संयुग) आहे, हृदयाला चांगला, असं तो म्हणतो. द्यायला हरकत नाही ना?

हरकत आहे. देऊ नका. क्वेर्सेटिनमुळे रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटण्याचं प्रमाण कमी होतं. निरोगी माणसांवरच्या छोट्या प्रयोगांतही हे दिसलं आहे. वॉरफरीन गुठळी रोखतं ते वेगळ्या वाटेने, के जीवनसत्त्वावर चालणारे रक्त गोठवणारे घटक अडवून. दोन्ही वाटा एकदम अडल्या तर रक्तस्रावाची भीती वाढते. शिवाय यकृतातलं जे एन्झाइम वॉरफरीन मोडतं, त्याला क्वेर्सेटिन अडथळा करतं, असं प्रयोगशाळेत आढळलं आहे. माणसात हा अडथळा किती होतो याचे पुरावे तोकडे आहेत, पण कृत्रिम झडप असलेल्या माणसावर ते आजमावून बघायचं कारण नाही. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीतला आकडा, घसरला तर झडपेवर गुठळी, चढला तर रक्तस्राव.

कॅप्सूल आधीच सुरू केल्या असतील तर थांबवा, आयएनआर तपासून घ्या आणि हृदयरोगतज्ज्ञांना सांगा. वॉरफरीन मात्र आपल्या मनाने कमी-जास्त करू नका. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध घेणाऱ्यांनीही सावध राहावं. २००४ साली डुकरांना दोन्ही एकत्र दिल्यावर डिगॉक्सिनची रक्तातली पातळी धोकादायक चढली आणि काही डुकरं दगावली.

प्रश्न : क्वेर्सेटिनने हृदयाच्या पेशी मरता मरता वाचल्या, असा व्हिडिओ पाहिला. खोटा आहे का?

खोटा नसावा, अर्धवट असावा. काचेच्या बशीत वाढवलेल्या हृदयपेशींचा प्राणवायू तोडून पुन्हा दिला की मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रात, घातक ऑक्सिडंट तयार होतात. तिथे क्वेर्सेटिन असेल तर जास्त पेशी तगतात. हा परिणाम अनेकदा दिसला आहे. पण अशा प्रयोगांत शुद्ध क्वेर्सेटिन थेट पेशींवर ओततात, तेही बहुधा १० ते ५० मायक्रोमोलर (द्रावणातलं प्रमाण मोजायचं एकक). आपण गिळलेलं क्वेर्सेटिन आतड्याच्या अस्तरात आणि यकृतात बदलतं, त्याला ग्लुकुरोनाइड, सल्फेट असे रासायनिक गट जोडले जातात. रक्तात फिरतात ती ही रूपं, आणि तीही बहुतेकदा एक-दोन मायक्रोमोलरच्या आतच. म्हणजे बशीत जे आणि जितकं होतं, ते हृदयापर्यंत पोचतच नाही. मला खटकतं ते एवढंच, की व्हिडिओवाले बशीतला आकडा सांगत नाहीत. कॅप्सूलची किंमत तेवढी सांगतात.

प्रश्न : माझं बीपी १५०/९५ आहे. गोळीऐवजी क्वेर्सेटिन चालेल का?

नाही. २०१६ मध्ये सात चाचण्यांचे मिळून ५८७ जणांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले. वरचं बीपी सरासरी ३ मिमीने उतरलं होतं, आणि खरा फरक रोज ५०० मिलिग्रॅम किंवा जास्त घेणाऱ्यांतच दिसला. बीपीची एक साधी गोळी सरासरी ९ मिमीच्या आसपास उतरवते. आपल्याकडे या कॅप्सूल अन्नाच्या कायद्याखाली विकतात. बाटलीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं लिहिलेलं असतं, ते वाचा.

प्रश्न : मग कांदाच खावा का? आम्ही लासलगावकडचे, कांद्याला तोटा नाही!

खा की! लाल कांद्यात १०० ग्रॅमला साधारण २० ते ४० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन असतं, पांढऱ्यात नगण्य. कॅप्सूलइतकं मिळवायला सव्वा ते अडीच किलो कांदा लागेल, तेव्हा औषध म्हणून खाऊ नका. सर्वाधिक साठा बाहेरच्या पाकळ्यांत असतो, म्हणून सोलताना फक्त वाळलेला पापुद्रा काढा. उकडलात तर बरंचसं पाण्यात उतरतं, ते पाणी आमटीत घाला. आणि पहिल्या प्रश्नातल्या वडिलांचा जेवणातला नेहमीचा कांदा बंद करायची गरज नाही.