बुद्धिबळाचं रेटिंग 1592 आहे, बिलो 1600 हातची जाऊ नये म्हणून मधली ओपन सोडू का?

अजिबात सोडू नका.

तुम्ही विचारलंय की दोन महिन्यांनी बिलो 1600, म्हणजे फक्त 1600 च्या खालच्यांची स्पर्धा आहे, मधे सगळ्यांना खुली असलेली एक ओपन येतेय, तिथे चांगलं खेळून 1600 ओलांडलं तर बिलोला बसू देतील का. सहसा नाही देणार. स्पर्धा ज्या महिन्यात सुरू होते त्या महिन्याच्या एक तारखेची फिडेची, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेची, रेटिंग यादी धरतात, तुम्ही एन्ट्री आधी भरली होती वगैरे कोणी ऐकत नाही. पण ही अट फिडेची नाही, आयोजकाची असते, त्यामुळे ब्रोशर नीट वाचा. काही ठिकाणी मागच्या काही महिन्यांतलं सगळ्यात जास्त रेटिंग बघतात, तिथे तर नंतर खाली येऊनही उपयोग नाही.

आता माझं ऐका, कारण हाच प्रश्न मला आमच्या क्लबातल्या सरांशी अजून भांडायला लावतो.

फेब्रुवारी 2024 ला माझं रेटिंग 1420 होतं. बँकेची नोकरी सांभाळून खेळणारा माणूस, मे महिन्यातल्या बिलो 1600 ची फी भरून, रजा मंजूर करून निवांत बसलो होतो. 1 मार्चला फिडेने 2000 च्या खालच्या सगळ्यांना एकदाच वाढ दिली, 2000 ला जेवढे कमी तेवढ्याचे 40 टक्के. मला 580 कमी, म्हणजे 232 मिळाले आणि एक डावही न खेळता मी रात्रीत 1652 झालो. घरचे पेढे आणायला निघाले होते, त्यांना काय सांगणार! फोन केला तर आयोजक म्हणाले, साहेब, तुम्ही आता ओपनमधे, फीमधला फरक भरा.

मुळात त्या दिवसापासून बिलो 1600 म्हणजे जुन्या हिशोबात साधारण बिलो 1333 झालं, हे कोणी नीट समजून घेतलंच नाही. आज 1592 असणं म्हणजे जुने 1320. तुम्ही ज्याला वाचवताय ते पूर्वीचं बिलो 1600 नाहीच.

तर सर म्हणाले, "अरे, एप्रिलमधे एक स्पर्धा खेळ, चार पोरांना गेम सोड, येशील खाली." हिशोब बरोबर होता त्यांचा, तो राग जास्त. माझा के (एका डावाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा) 20, समोरचा 1400 चा असेल तर एका हारीला 16 च्या वर पॉइंट जातात, चार हारी आणि मी 1600 च्या आत. मी म्हटलं सर, फिडेच्या अँटी-चीटिंग नियमांत मुद्दाम हरणं हेही चीटिंगमधेच धरलंय. तर म्हणे "तू सांगलीचा ना, मग तत्त्वं खा." हो, सांगलीचा, बुद्धिबळ स्पर्धा भरवणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या गावचा, आमच्याकडे म्हातारी माणसं रेटिंगशिवाय आयुष्यभर खेळली आणि भल्याभल्यांना रडवलं, गेम सोडायला कोणी शिकवलं नाही.

क्लबातल्या दुसऱ्या एकाने सरांचं ऐकलं. उतरला, बिलो खेळला, बक्षीस घेऊन आला, सरांनी त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. मी ओपनमधे नऊ राउंडमधे साडेतीन. सर आजही चारचौघांत म्हणतात, साडेतीन पॉइंट, शून्य रुपये. पण त्या साडेतीनमधला अर्धा 2080 वाल्याशी बरोबरीचा होता, त्याच्याकडे हत्ती आणि चार प्यादी, माझ्याकडे हत्ती आणि तीनच, दोन तास धरून बसलो. त्या एका बरोबरीचे मला आठच्या वर पॉइंट मिळाले, हरलो असतो तर दोनही गेले नसते, कारण एवढ्या वरच्या माणसाशी हरणं धरलेलंच असतं. उलट बिलोत तुम्ही 1592 वरून 1400 च्या पोराला हरवलं तर पाचच मिळतात, आणि हरलात तर पंधरा जातात. शिवाय ते पोर 1400 असतं फक्त कागदावर, रोज सहा तास ऑनलाइन खेळतं आणि त्याचा के 40 असतो. आता सांगा, रेटिंग कुठे सांभाळलं जातं?

आमचा तो बक्षीसवाला अजून 1590 च्या आसपासच आहे. दर वेळी वर जायला लागला की त्याला नेमका "ताप" येतो. सरांनी हे कधी ग्रुपवर टाकलं नाही.

बिलो स्पर्धा वाईट असतात असं मी म्हणत नाही. नवीन माणसाला, लहान पोरांना तिथेच मजा येते, ओपनमधे पहिल्याच राउंडला वरच्या अर्ध्यातला कोणीतरी चिरडतो, आणि ओपनची फीही जास्त असते, सगळ्यांना परवडत नाही. बक्षिसासाठीच खेळायचं असेल, पैशाची गरज असेल, तर तुमचं तुम्ही बघा, मी कोण सांगणारा. फक्त डाव सोडू नका. न खेळणं वेगळं, मुद्दाम हरणं वेगळं.

आणि आयोजकांना मेल करून कुठली यादी धरणार ते लेखी घ्या. मेलमधे फिडे आयडी टाका, नाहीतर "ब्रोशर वाचा" एवढंच उत्तर येतं.